सांभाळणाऱ्याची वही

पडेगाव हे छत्रपती संभाजीनगरचं दौलताबाद-वेरूळच्या वाटेवरचं उपनगर. खुलताबाद, कन्नड, वैजापूरकडून पोटापाण्यासाठी शहरात आलेली अनेक कुटुंबं या बाजूला स्थिरावली आहेत. घरात कुणाचं दुखणं निघालं की इथला माणूस छावणी ओलांडून घाटी गाठतो. घाटी म्हणजे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय. हे महाविद्यालय १९५६ साली सुरू झालं. मराठवाड्यातले जिल्हे तर इथे येतातच, शिवाय बुलढाणा आणि जळगावकडचे पेशंटही येतात. कर्करोगाचा पेशंट असेल तर २०१२ मध्ये उभं राहिलेलं शासकीय कर्करोग रुग्णालय आहे. या सगळ्या वाटांवर एक प्लास्टिकची पिशवी माणसांबरोबर फिरत असते. तिच्यात केसपेपर, रक्ताचे रिपोर्ट, एक्स-रे, गोळ्यांच्या पट्ट्या आणि आधार कार्डाच्या झेरॉक्स असतात. पेशंटच्या शरीराची वर्षानुवर्षांची हकिगत त्या पिशवीत नीट लावून ठेवलेली असते.

ती पिशवी धरणारा हात मात्र बहुधा दुसऱ्याचा असतो. बायको, सून, मुलगी, मुलगा, कधी नवरा. त्यांची हकिगत कुठल्याच कागदावर नसते. रात्री किती वेळा उठावं लागलं, जेवण किती वाजता झालं, संताप कधी आला आणि तो कुठे गिळला, याची नोंद कुणीही ठेवत नाही. मराठीतल्या मानसिक आरोग्याच्या चळवळीने अशा माणसाला ‘शुभंकर’ म्हटलं आहे, आणि ज्याला तो सांभाळतो त्याला ‘शुभार्थी’. हे प्रकरण शुभंकराच्या वहीबद्दल आहे. रोज किंवा दिवसाआड पंधरा मिनिटं लिहिल्याने काय होतं, काय होत नाही आणि ते लिहावं कसं, हे आपण पाहणार आहोत.

बोलता न येणाऱ्या गोष्टी

आजारी माणसाची सेवा हे आपल्याकडे पुण्यकर्म मानलं जातं. ही आपल्या समाजाची मोठी ताकद आहे. घरपोच नर्स आणि वृद्धाश्रम फार थोड्यांना परवडतात, तरी कोट्यवधी माणसं घरातच जपली जातात ती याच भावनेमुळे. पण तिची दुसरी बाजू सांभाळणाऱ्याला भोगावी लागते. जे पुण्याचं काम, त्याचा कंटाळा येतो असं म्हणायचं कसं? ज्या आईने वाढवलं, तिचा राग येतो हे सांगायचं कुणाला? सून बोलली तर ‘हिला करायचं जिवावर येतं’ असं ऐकावं लागतं. मुलगा बोलला तर ‘बाप जड झाला’. म्हणून माणसं गप्प बसतात, आणि विचारलं तर ‘चाललंय, बरं आहे’ एवढंच सांगतात.

आत मात्र खूप काही चाललेलं असतं. पहिला येतो राग, आणि तो तासाभरात अपराधीपणात बदलतो. दुसरी येते चीड, तीही बहुधा पेशंटपेक्षा न येणाऱ्या भावंडांची आणि फोनवरून सल्ले देणाऱ्या पाहुण्यांची. तिसरी येते भीती. महिनाअखेर औषधांना पैसे पुरतील का, मी आजारी पडले तर यांचं कोण करणार? आणि या सगळ्यांच्या तळाशी एक विचार असतो, ज्याला माणूस स्वतःसुद्धा घाबरतो. दीर्घ दुखण्यातल्या माणसाबद्दल ‘देवानं आता सोडवावं’ असं शेजारीपाजारी सहज म्हणतात. तोच विचार सांभाळणाऱ्याच्या मनात आला की त्याला आपण पापी आहोत असं वाटू लागतं. खरं तर थकलेल्या मनात येणारा हा अगदी नेहमीचा विचार आहे. त्यात प्रेम आटल्याची खूण शोधू नये.

स्मृतिभ्रंशात या गुंत्याला आणखी एक पदर असतो. माणूस समोर खुर्चीत बसलेला असतो, पण आपल्याला ओळखत नाही. अमेरिकेतल्या कौटुंबिक समुपदेशनाच्या अभ्यासक पॉलिन बॉस यांनी अशा दुःखाचा अनेक दशकं अभ्यास केला आणि १९९९ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. माणूस गेलेला नसतो, त्यामुळे शोक करता येत नाही, आणि तो पहिल्यासारखा उरलेलाही नसतो. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ या २०१३ च्या चित्रपटात मोहन आगाशे यांनी असाच स्मृती हरवत चाललेला विद्वान बाप उभा केला. इरावती हर्षे यांनी साकारलेल्या मुलीची ओढाताण ज्यांनी पाहिली, त्यांना हे दुःख वेगळं समजावून सांगायला नको. देशव्यापी पाहणीवर आधारलेल्या २०२३ मधल्या अंदाजानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांपैकी सुमारे ७.४ टक्के, म्हणजे जवळपास ८८ लाख लोकांना स्मृतिभ्रंश आहे. प्रत्येकामागे एक तरी सांभाळणारा धरला, तर केवळ या एका आजाराने किती घरं व्यापली आहेत हे ध्यानात येईल.

जात्यापासून छापील पानापर्यंत

मनातलं शब्दांत मांडून हलकं होण्याची रीत आपल्याला परकी नाही. पहाटे जात्यावर बसणाऱ्या बायकांनी माहेर, सासर, भाऊ, दुखणी, मरणं, सगळं ओवीत घातलं. घरात ज्याला तोंड फोडता येत नव्हतं ते दळताना म्हणता येत होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी गावोगावच्या बायकांबरोबर काम करून अशा लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनी स्वतःच्या आयुष्यावर केलेलं हे प्रचंड चिंतन आहे. विजेची चक्की आली, जातं गेलं, आणि त्याबरोबर ती रोजची हक्काची घटकाही गेली.

लिहून ठेवण्याचं ठळक उदाहरण रमाबाई रानडे यांचं. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे अखेरच्या काळात आजारी होते. डिसेंबर १९०० मधल्या लाहोरच्या सामाजिक परिषदेला त्यांना आजारपणामुळे जाता आलं नाही, आणि १६ जानेवारी १९०१ रोजी ते गेले. रमाबाईंचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ हे पुस्तक १९१० मध्ये प्रसिद्ध झालं. त्यात त्यांनी त्या शेवटच्या आजारपणाचे दिवस तपशिलाने लिहिले आहेत. मधल्या नऊ वर्षांत त्यांनी स्वतःला कामात झोकून दिलं होतं आणि सेवासदनाची उभारणी सुरू केली होती. आपण जे केलं, पाहिलं, सोसलं ते दुखणं चालू असतानाच लिहायला हवं असा नियम नाही, हे या पुस्तकातून कळतं. काहींना ते दोन महिन्यांनी जमतं, काहींना दहा वर्षांनी.

आजचं उदाहरण पुण्यातल्या पार्किन्सन्स मित्रमंडळाचं. कंपवाताचे रुग्ण आणि त्यांचे घरचे तिथे एकत्र येतात. ११ एप्रिलच्या जागतिक पार्किन्सन्स दिनानिमित्त निघणाऱ्या त्यांच्या स्मरणिकेत शुभार्थी लिहितात, तसे शुभंकरही लिहितात. चमचा हातात ठरत नाही तेव्हा काय केलं, चालताना पाऊल अडकलं की काय करायचं, चिडचीड झाली की काय करायचं. एकाचं लिहिलेलं दुसऱ्या घरी थेट उपयोगाला येतं.

पंधरा मिनिटांचा प्रयोग

अशा लिहिण्याची शास्त्रीय तपासणी १९८६ साली सुरू झाली. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर आणि सँड्रा बील यांनी ४६ महाविद्यालयीन विद्यार्थ्यांना लागोपाठ चार दिवस, रोज पंधरा मिनिटं लिहायला सांगितलं. काहींनी किरकोळ विषयावर लिहिलं. बाकीच्यांनी आयुष्यातल्या सर्वांत क्लेशदायक प्रसंगावर लिहिलं, पण तीन तऱ्हांनी. कुणी फक्त घडलेलं लिहिलं, कुणी फक्त वाटलेलं, तर कुणी दोन्ही. दुःखाबद्दल मोकळेपणाने लिहिणाऱ्यांना लिहून झाल्यावर लगेच बरं वाटलं नाही. उलट मन खिन्न झालं, रक्तदाबही वाढला. पण पुढच्या सहा महिन्यांत, घडलेलं आणि वाटलेलं असं दोन्ही लिहिणाऱ्या गटाच्या दवाखान्याच्या फेऱ्या इतरांपेक्षा कमी झाल्या.

पुढे पेनेबेकर यांनी लोकांच्या लिखाणातले शब्द मोजले. ज्यांच्या लिखाणात दिवसागणिक ‘कारण’, ‘म्हणून’, ‘आता लक्षात येतं’ अशा धर्तीचे शब्द वाढत गेले, त्यांना जास्त फायदा झालेला दिसला. जे चारही दिवस तेच ते लिहीत राहिले, त्यांना कमी. २००६ पर्यंत अशा १४६ अभ्यासांचा एकत्रित आढावा घेता येईल इतकं काम झालं होतं. त्या आढाव्याचा निष्कर्ष असा की लिहिण्याचा लाभ खरा आहे, पण सरासरीने लहान आहे. वही म्हणजे संजीवनी नव्हे, हे मनाशी पक्कं ठेवूनच पुढे जाऊ.

शुभंकरांसाठी सर्वांत महत्त्वाचा अभ्यास कॅनडातला आहे आणि त्याचा निकाल अपेक्षेपेक्षा वेगळा लागला. घरच्या वृद्धांना सांभाळणाऱ्यांचे गट करून २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात काहींना भावनांबद्दल लिहायला सांगितलं होतं आणि काहींना आपल्या वेळेच्या नियोजनाबद्दल. तब्येत आणि मनःस्थिती सुधारली ती वेळेबद्दल लिहिणाऱ्यांची. याचा अर्थ लावणं अवघड नाही. महाविद्यालयीन मुलांचं दुःख बहुतेक होऊन गेलेलं असतं, सांभाळणाऱ्याचं रोज सकाळी नव्याने सुरू होतं. त्याने नुसत्या व्यथा उगाळल्या तर वही मिटली तरी व्यथा तशीच राहते. त्याच्या लिहिण्यातून उद्याच्या दिवसात काहीतरी बदलायला हवं.

म्हणून माझं सांगणं असं की शुभंकराच्या लिखाणाला तीन टप्पे हवेत. आधी काय वाटलं, मग ते का वाटलं, आणि शेवटी मला कुणाकडून काय हवं आहे. पहिल्या टप्प्यावर थांबलात तर वही रडण्याची जागा होईल. रडणंही गरजेचं असतं, पण तिसरा टप्पा गाठल्याशिवाय ओझं कमी होत नाही.

एका वहीची चार पानं

हे प्रत्यक्षात कसं दिसेल ते पाहण्यासाठी पडेगावातलं एक घर डोळ्यांसमोर आणू. सासऱ्यांना अर्धांगवायू झालेला. नवरा वाळूजच्या कंपनीत शिफ्टमध्ये. सून घरी. मुलगा आठवीत, नणंद जालन्याला. कल्पनेतलंच घर आहे, पण असं घर ओळखीचं नाही असा वाचक विरळा. सून रात्री नऊनंतर, भांडी आवरून लिहिते.

पहिला दिवस: ‘आज मामांवर ओरडले. तिसऱ्यांदा चादर ओली केली. ते काहीच बोलले नाहीत, भिंतीकडं तोंड केलं. मला रडूसुद्धा आलं नाही. कंटाळा आलाय सगळ्याचा.’

दुसरा दिवस: ‘मी वाईट आहे का? आई म्हणायची म्हाताऱ्या माणसाला उलट बोलू नये. सकाळी मामांना चहात पाव बुडवून दिला. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला. जास्तच वाईट वाटलं.’

तिसरा दिवस: ‘परवा ओरडले ते चादरीवरून नव्हतं. दुपारी ताईंचा फोन आला होता. मामांना जप म्हणाल्या. मी कशी आहे ते विचारलं नाही. त्याच्या आदल्या रात्री दोन वेळा उठले होते, म्हणून डोकं चढलं होतं. झोप झाली नाही की मी ओरडते. मागच्या आठवड्यात पोराला मारलं, तेव्हा पण हेच झालं होतं.’

चौथा दिवस: ‘यांना सांगायचं, फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात शुक्रवार-शनिवारी रात्री तुम्ही उठा. ताईंना सांगायचं, महिन्यातून दोन दिवस या. घाटीत विचारायचं, कंडोम कॅथेटर मामांना चालेल का. अजून एक, रविवारी संध्याकाळी मी अर्धा तास देवळात जाणार.’

पहिल्या पानावर ती चिडते, दुसऱ्यावर स्वतःला दोष देते. तिसऱ्या पानावर तिला कारण सापडतं आणि ते कारण तिच्या स्वभावात नसून तिच्या झोपेत आहे. चौथ्या पानावर चार मागण्या आहेत, प्रत्येक मागणीला माणूस किंवा ठिकाण ठरलेलं आहे, आणि एकही मागणी अवाजवी नाही. दुसऱ्या पानावरचा डोक्यावर ठेवलेला हातही विसरून चालणार नाही. लिहिलं नसतं तर ओरडणं लक्षात राहिलं असतं आणि तो हात कामाच्या धबडग्यात हरवला असता. वहीत दोन्ही शेजारी शेजारी राहिले.

तुमची वही कशी असावी

साधी शंभर पानी वही पुरे. शुद्धलेखन, वळणदार अक्षर, पूर्ण वाक्यं यांची गरज नाही. ही वही कुणालाही दाखवायची नाही, म्हणून पहिल्या पानावर देवाचं नाव घालून चांगलं-चांगलं लिहायचा मोह टाळा. वेळ ठरवून घ्या. पेशंटची दुपारची झोप, पहाटेचा चहा, किंवा दवाखान्यात ओपीडीची रांग. पंधरा मिनिटं झाली की थांबा. लिहून उठल्यावर लगेच झोपू नका, कारण सुरुवातीला मन जड होतं. तोंड धुवा, अंगणात दोन फेऱ्या मारा.

काय लिहावं सुचत नसेल तर हे प्रश्न घ्या.

१. आज कोणत्या क्षणी सर्वांत जास्त त्रास झाला? तेव्हा किती वाजले होते, घरात कोण होतं?

२. मला काय वाटलं? ते कुणालाही न भिता एका वाक्यात लिहिता येईल?

३. त्याआधीच्या चोवीस तासांत माझी झोप, जेवण, पैसा आणि फोन यांचं काय झालं होतं?

४. हेच माझ्या बहिणीच्या बाबतीत झालं असतं, तर मी तिला काय म्हटलं असतं?

५. उद्या यातलं एक काम दुसरं कोण करू शकेल? त्याला मी कोणत्या शब्दांत सांगेन?

चौथा प्रश्न बारकाईने घ्या. आपण बहिणीला ‘तू पापी आहेस’ असं कधीच म्हणणार नाही. ‘अगं, दमलीयेस तू, दोन घास खा आणि पड जरा’ असंच म्हणू. तेच वाक्य स्वतःसाठी वहीत लिहा. पाचवा प्रश्न तर सोडूच नका. त्याच्या उत्तरात क्रियापद हवं, दिवस हवा आणि माणसाचं नाव हवं. ‘कुणी मदत करत नाही’ ही तक्रार झाली. ‘भाऊजींनी गुरुवारी दादांना फिजिओथेरपीला न्यावं’ ही मागणी झाली.

लिहिता येत नसेल किंवा लिहायचा कंटाळा असेल तर मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा, फक्त तो कुटुंबाच्या ग्रुपवर चुकून जाणार नाही याची खात्री करा. एकत्र कुटुंबात वही कुणाच्या तरी हाती पडेल ही भीती अगदी रास्त आहे. ती मुलांच्या जुन्या वह्यांच्या गठ्ठ्यात ठेवा, किंवा लिहून झालेलं पान फाडून टाका. पान फाडलं तरी लिहिण्याचा लाभ फाटत नाही, कारण विचार जुळवण्याचं काम तोवर होऊन गेलेलं असतं. मागण्यांचं पान तेवढं जपून ठेवा.

घरच्यांप्रमाणे पगारी सांभाळणाऱ्यांनाही हे लागू आहे. वॉर्डातल्या सिस्टर, मावशी, घरोघर जाणाऱ्या आशाताई, सगळ्या दुसऱ्यांचं दुःख रोज पाहतात. न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठातल्या डॉक्टर रिटा शॅरन यांनी १९९३ मध्ये विद्यार्थ्यांना एक समांतर केसपेपर लिहायला लावला. अधिकृत केसपेपरमध्ये जे लिहिता येत नाही, म्हणजे पेशंटकडे पाहून आपल्याला काय वाटलं, ते त्यात साध्या भाषेत लिहायचं. भारतात २०१९ पासून लागू झालेल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमातही ‘एटकॉम’ (वृत्ती, नीतिमत्ता आणि संवाद) या भागात विद्यार्थ्यांकडून चिंतनपर लेखन करून घेतात. भावी डॉक्टरला ज्याची गरज आहे असं आपण मानलं, त्याची गरज चोवीस तास पेशंटजवळ असणाऱ्या माणसाला नसेल असं कसं म्हणणार?

वही पुरत नाही तेव्हा

काही वेळा लिहिणं थांबवावं. आठवडाभर लिहूनही तीच वाक्यं येत असतील, लिहिल्यावर दिवसभर डोळ्यांसमोर तेच येत असेल, तर वही बाजूला ठेवा आणि माणसाशी बोला. झोप आणि भूक पार गेली असेल, पेशंटवर हात उगारला जात असेल, स्वतःला संपवावंसं वाटत असेल, तर ती डॉक्टरकडे जाण्याची वेळ आहे. घाटीत पेशंटला दाखवायला जाताच, तर त्याच फेरीत मनोविकार विभागाचा केसपेपर स्वतःच्या नावानेही काढा. घराबाहेर पडता येत नसेल तर टेलिमानस ही सरकारी मोफत सेवा आहे. १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र केव्हाही फोन लावता येतो, आणि मराठीत बोलता येतं. ज्येष्ठांच्या प्रश्नांसाठी १४५६७ ही वेगळी हेल्पलाइन आहे.

वहीने दवाखान्याचं बिल कमी होत नाही, भाऊ पुण्याहून आपोआप येत नाही, लकव्याने गेलेला हात हलत नाही. व्यवस्थेने द्यायच्या गोष्टी व्यवस्थेनेच द्यायला हव्यात: तालुक्याला दिवसभराची विसावा केंद्रं, घरी येणारी परिचारिका, सांभाळण्यासाठी पगारी रजा. सोसणाऱ्यांच्या हाती वही देऊन समाजाने आपली जबाबदारी झटकू नये. पण ज्या मागण्या करायच्या त्या नेमक्या करता येण्यासाठी आधी आपलं काय होतंय ते स्वतःला कळावं लागतं, आणि त्यासाठी लिहिण्याइतकं स्वस्त, हाताशी असलेलं साधन दुसरं नाही.

आणि ज्यांच्या घरातलं दुखणं दुसरंच कुणी सांभाळतंय, त्यांना एक विनंती. पुढच्या वेळी फोन कराल तेव्हा पेशंटची विचारपूस झाल्यावर फोन ठेवू नका. जो सांभाळतो त्याला फोनवर बोलवा, त्याची झोप झाली का विचारा, आणि कोणत्या तारखेला येऊन किती दिवस राहाल ते तिथल्या तिथे सांगा.